कडी, कोयंडा आणि शेजार

पुण्याच्या वर्तमानपत्रांतील घरफोडीची बातमी बहुधा एकाच ठराविक शब्दसमूहानें सुरू होते: बंद सदनिकेचा कडी-कोयंडा उचकटून. वाचकांनीं हे शब्द इतक्या वेळां वाचलेले असतात कीं त्यांची दृष्टि त्यांवरून घसरते आणि किती तोळे सोनें गेलें त्या आंकड्यावर जाऊन थांबते. वस्तुतः घर राखण्याचें बरेंचसें शास्त्र ह्या शब्दांतच सांठविलेलें आहे. घर बंद होतें, म्हणजे आंत कोणी नव्हतें व हें चोरास बाहेरून समजलें होतें. कुलूप जसेंच्या तसें राहिलें. निघाला तो कोयंडा. आणि तो काढण्यास कांहीं असामान्य कौशल्य लागलें नाहीं. एक लोखंडी कटावणी आणि पांच मिनिटांचा निवांतपणा एवढें पुरलें. घराच्या रक्षणाचा विचार करणाऱ्या गृहस्थाचें लक्ष मात्र कुलुपाच्या किंमतीवर असतें. कोयंड्याकडे व त्या निवांतपणाकडे तें क्वचितच वळतें.

शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तींत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. कारण येथें दोन निरनिराळ्या प्रकारचीं घरें अजून एकमेकांस लागून उभीं आहेत. ओंकारेश्वराच्या बाजूस किंवा मेहुणपुऱ्यांतील एखाद्या बोळांत शिरलें असतां एका अंगास जुना वाडा आणि दुसऱ्या अंगास वाडा पाडून बांधलेली चार-पांच मजल्यांची इमारत, असा देखावा दृष्टीस पडतो. दोन्हींकडे दारें आहेत, दोन्हींकडे कुलुपें आहेत. तथापि चोराच्या दृष्टीनें त्यांत महदंतर आहे.

वाड्याचा दरवाजा हें एक स्वतंत्र यंत्रच असे. जाड सागवानी फळ्यांच्या दोन झडपा, त्यांवर लोखंडी पट्ट्या व खिळे. एका झडपेंत वांकून आंत शिरण्यापुरती दिंडी. आणि दरवाजा लागल्यावर भिंतीच्या खोबणींतून ओढून आडवा घालावयाचा अडसर. ह्या अडसराचें मर्म असें कीं बाहेरून बसणारा धक्का तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वाटून देतो. कितीहि जोर केला तरी तो एखाद्या खिळ्यावर किंवा बिजागरीवर एकवटत नाहीं. शिवाय अडसर बाहेरून दिसत नाहीं, बाहेरून काढतां येत नाहीं आणि बाहेरून घालतांहि येत नाहीं. तो घालण्यास आंत माणूस असावाच लागतो. सारांश, राहता वाडा बाहेरून बंद करण्याची वेळ सहसा येतच नसे. रात्रीं मालक अथवा एखादा जुना भाडेकरू अडसर घाली, आणि उशिरां येणारास दिंडी ठोठावून, नांव सांगून, झोपमोड झालेल्या माणसाचीं दोन बोलणीं ऐकून आंत यावें लागे. दिवसा ओटीवर कोणी वृद्ध गृहस्थ तपकीर ओढीत बसलेले, चौकांत नळाशीं धुणें चाललेलें, जिन्यावर मुलें. परका माणूस आला कीं ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न त्यास तीन ठिकाणांहून विचारला जाई. आंतील बिऱ्हाडाच्या खोल्यांना नुसती साखळी अडकवून, ‘जरा लक्ष ठेवा हो, मंडईंत जाऊन येतें’ असें शेजारणीला सांगितलें कीं काम भागे.

वाडा चोरीपासून मुक्त होता असें मात्र कोणी समजूं नये. मागल्या अंगणांतील तांब्याचा बंब, दोरीवरचें लुगडें, मोरीवरचा तांब्या ह्या वस्तु पाय फुटून जात; आणि पुष्कळ वेळां ते पाय वाड्यांतलेच असत. दर्शनी भाग दगडी व भक्कम, पण मागील भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असा प्रकारहि सर्रास असे. घरफोडी हा शब्दच त्या काळची साक्ष देतो. चोर दाराच्या वाटेस जात नसे. तो घर फोडी, म्हणजे भिंतीस भोंक पाडून आंत शिरे, नाहीं तर कौलें काढून आढ्यावरून उतरे.

ह्या कलेचें अत्यंत बारकाईचें वर्णन शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकांत आहे. शर्विलक चारुदत्ताच्या घरास भोंक पाडण्यापूर्वीं भिंतीची जी परीक्षा करतो ती आजच्या गृहस्थानेंहि लक्षांत घेण्याजोगी आहे. सूर्याला नित्य अर्घ्य देतांना ज्या जागीं पाणी सांडून माती ओली व क्षारानें पोखरलेली झाली आहे ती जागा तो हेरतो. तेथेंच उंदरांनीं माती उकरलेली त्यास दिसते. पुढें जुनें दार करकरूं नये म्हणून तो पाणी शिंपडतो. घरांतील दिवा तो पतंगाकडून मालवितो. आणि सोन्याचा डबा त्याच्या हातीं येतो तो मात्र विद्येच्या बळावर नव्हे. झोपेंत बरळणारा मैत्रेय तो आपण होऊन त्याच्या स्वाधीन करतो! अंधार, शांतता, घरच्या माणसांच्या रोजच्या संवयीनें दुबळी झालेली एक जागा आणि एका माणसाची गफलत, ह्या चार गोष्टींवर त्या चोरीची सिद्धि झाली. ह्यांतील मातीची भिंत तेवढी हल्लीं राहिली नाहीं. बाकीच्या तीन गोष्टी कायम आहेत.

दरवाजाच्या मजबुतीविषयीं बोलावयाचें तर शनिवार पेठेंतच त्याची परिसीमा उभी आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हत्तीच्या धडकेसहि दाद देऊं नये म्हणून त्याच्या झडपांवर अणकुचीदार खिळे बसविले आहेत; ते आजहि कोणासहि पाहतां येतात. तटबंदी आहे, बुरूज आहेत. तरी ३० ऑगस्ट १७७३ रोजीं त्याच तटाच्या आंत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि तो करणारे गारदी पेशव्यांच्याच चाकरींतील, पगार तुंबलेले लोक होते. बाहेरच्या शत्रूसाठीं हत्तीचा हिशेब केला होता. घरच्या पगारपत्रकाचा केला नव्हता.

पेशवाईंतील शहराची राखण केवळ घरोघरच्या दरवाजांवर सोडलेली नव्हती. कोतवाल व त्याच्या चौक्या होत्या. रात्रीं ठराविक वेळीं तोफ होई, आणि तोफेनंतर परवान्यावांचून रस्त्यावर आढळणारास पहारेकरी धरून सकाळपर्यंत चौकींत बसवीत. हा बंदोबस्त कडक होता. पण ज्याच्या हातीं बंदोबस्त त्याच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या प्रकरणानें पुढें आणला. कोठडींत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावानें कोतवालास दगडांनीं ठार केलें. खेड्यापाड्यांतून रखवालीची रीत निराळी होती. रामोशी किंवा जागल्या यांना गांवाकडून बलुतें मिळे, आणि चोरी झाल्यास माग काढण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला कीं जबाबदारीहि त्या गांवच्या रखवालदाराकडे जाई. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या गांवें राखलीं त्यांच्यापैकीं कित्येक जमातींवर इंग्रजी अमदानींत, १८७१ पासून झालेल्या कायद्यांनीं, जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. माणसाच्या जातीवरून त्याची परीक्षा करणें अन्यायाचें तर आहेच, पण राखणीच्या दृष्टीनेंहि तें व्यर्थ आहे. ज्या पहारेकऱ्याची नजर माणसाच्या वर्तनावर न राहतां त्याच्या कपड्यांवर राहते, त्याच्यासमोरून नीटनेटक्या पोशाखांतला चोर सलाम घेऊन जातो.

वाड्यांची ही व्यवस्था मोडकळीस येण्याचीं कारणें अनेक होतीं. पण एक दिवस मात्र नेमका सांगतां येतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत, शनिवार व नारायण पेठेंत तर विशेषच, पाणी घुसलें. लोक अंगावरच्या वस्त्रांनिशीं, घरें उघडीं टाकून उंचवट्याकडे धांवले. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. पुढील दशकांत राहिलेल्या वाड्यांपैकींहि पुष्कळ पाडले गेले आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. हवा, उजेड, स्वतंत्र नळ, स्वतंत्र शौचकूप ह्या दृष्टीनें ही सुधारणाच झाली, आणि वाड्यांतील दोन खोल्यांत संसार केलेल्या गृहिणीस तिचें मोल दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाहीं. परंतु एका मोठ्या दरवाजाच्या जागीं वीस लहान दारें आलीं. अडसर गेला व लॅच आला. आणि नव्या दारास कुलूप बाहेरून लागूं लागलें. बाहेरून लटकणारें कुलूप ही एका अर्थीं पाटीच होय. घरांत कोणी नाहीं हें तें जिन्यानें येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास मुकाट्यानें सांगत असतें.

चोर कोणत्या वाटांनीं येऊं शकतो याची पहिली पद्धतशीर मोजदाद ह्या देशांत सुतारानें किंवा लोहारानें केली नाहीं. ती कायद्यानें केली. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ४४५ व्या कलमांत घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३३० व्या कलमांत ते सहाहि प्रकार राहिले आहेत. चोरानें स्वतः पाडलेली वाट. माणसाच्या येण्याजाण्यासाठीं नसलेली वाट, किंवा भिंत चढून येणें. घरमालकाच्या कल्पनेंत नसलेल्या युक्तीनें उघडलेली वाट. कुलूप उघडून येणें. दारांतील माणसावर बळजबरी करून किंवा त्यास धमकावून येणें. आणि बंद केलेली वाट मोकळी करून येणें. कलमाखालील उदाहरणें तर फारच बोलकीं आहेत. एकांत चोर भिंतीच्या भोंकांतून नुसता हात आंत घालतो. दुसऱ्यांत तो दाराच्या छिद्रांतून तार घालून खिटी उचलतो. तिसऱ्यांत घरमालकाची हरवलेली किल्ली त्यास सांपडते व तिनेंच तो दार उघडतो. चौथ्यांत तो दारांतील पहारेकऱ्यास मारण्याचा धाक दाखवितो. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं चोरीसाठीं केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. हें कलम वाचून गृहस्थानें स्वतःच्या घराभोंवतीं एक फेरी मारावी. सहांपैकीं एक-दोन वाटा तरी आपण होऊन खुल्या ठेवलेल्या त्यास आढळतील.

आतां कुलुपाविषयीं. मराठी घरांत ज्याच्या नांवानें कुलूप ओळखलें जातें तो गोदरेजांचा कारखाना १८९७ साली मुंबईस लालबाग येथें अर्देशिर गोदरेज यांनीं सुरू केला. चांगल्या कुलुपांत पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीस एक खांच असते. किल्लीच्या दांत्याची प्रत्येक पायरी आपापली पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलते, सर्व खांचा एका रेषेंत येतात, तेव्हांच आंतील दांडा सरकतो. एखादी पट्टी केसभर जास्त किंवा कमी उचलली गेली तरी दांडा अडतो. म्हणून सहा लिव्हरांचें कुलूप चार लिव्हरांच्या कुलुपाहून बनावट किल्लीस अधिक दाद देत नाहीं. तरी मनुष्यानें केलेलें कुलूप मनुष्यास उघडतां येत नाहीं असें नाहीं. लंडन येथें १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनांत हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें चब यांचें नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलें. ब्रामा यांचें कुलूप दुकानाच्या खिडकींत कित्येक वर्षें आव्हान देत टांगलेलें होतें. तें उघडण्यास त्यास सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले, पण तें उघडलें.

पुण्याच्या चोरास एकावन्न तास नको आहेत. त्यास तेवढी कलाहि येत नाहीं आणि तिची गरजहि नाहीं. कारण सातआठ लिव्हरांचें जड कुलूप बहुधा अशा कोयंड्यांत अडकविलेलें असतें जो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनीं प्लायवुडच्या दारास चिकटविला आहे. कटावणीचें टोंक कोयंड्याखालीं घालून दांडा दाबला कीं स्क्रू लांकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात आणि कुलूप कोयंड्यासकट खालीं लोंबतें. ह्यास उपाय खर्चाचा नाहीं. कोयंड्याचे व कडीचे खिळे दाराच्या आरपार जाणारे बोल्ट असावेत, त्यांचे नट आंतल्या बाजूस आवळलेले असावेत आणि आंतून एक लोखंडी पट्टी द्यावी, म्हणजे ओढ लांकडाच्या एका ठिपक्यावर न येतां पट्टीभर पसरेल. हें तत्त्व वाड्याच्या अडसराचेंच आहे. त्याहून चांगलें म्हणजे दाराच्या पोटांत बसणारें, दोन-तीन दांडे चौकटींत शिरणारें कुलूप. तें बाहेरून दिसत नाहीं, त्यास कटावणी लागत नाहीं आणि घर बंद असल्याची दवंडीहि तें पिटत नाहीं. केवळ ओढून घेतल्यानें लागणाऱ्या लॅचवर विसंबूं नये. त्याची तिरपी जीभ फटींतून घातलेल्या पातळ पट्टीनें मागें सरकते; १८६० च्या उदाहरणांतील तारेचीच ही नवी आवृत्ति होय. ज्या लॅचला किल्ली आणखी एकदां फिरवून जीभ जखडण्याची सोय आहे त्याची ती फिरकी आळस न करतां द्यावी.

दाराइतकीच चौकट पाहिली पाहिजे. भिंतींत लोखंडी पत्त्यांनीं न बांधलेली चौकट दारासह हालते. बाहेरच्या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूस असतात, आणि त्यांची सळई वरून ठोकून काढतां येते. तिचीं टोंकें वेल्डिंगनें जखडून घ्यावींत. हें काम चौकांतला फॅब्रिकेटर अर्ध्या तासांत करून देतो. तरी सुतारास व फॅब्रिकेटरास एकाच दिवशीं बोलावणें हेंच खरें कठीण काम, असें जाणते लोक म्हणतात.

खिडक्यांच्या गजांविषयीं फारसें सांगण्याचें कारण नाहीं. पुणेकर त्या बाबतींत दक्ष असतात. दुर्लक्ष होतें तें तीन ठिकाणीं. न्हाणीघराच्या सुट्या कांचांची खिडकी. तिच्या कांचा एकेक उपसून निघतात, आणि ती ज्या हवेच्या उभ्या बोळकांडींत उघडते तेथेंच पाण्याचे नळ शिडीसारखे उभे असतात. दुसरें गच्चीचें दार. तें सामायिक असल्यामुळें कोणाचेंच नसतें. तिसरें ठिकाण शेजारचा पाडलेला वाडा किंवा अर्धवट बांधकाम. ज्या घराची बाजू कालपर्यंत वाड्याच्या भिंतीनें झांकलेली होती ती बांधकामाच्या परांचीमुळें एका रात्रींत चढण्याजोगी होते. शेजारचें बांधकाम सुरू झालें कीं त्या बाजूच्या खिडकीस गज घालण्याचा विचार लगेच करावा.

परंतु हीं सारीं लोखंडी साधनें शेवटीं काय करतात? चोरास लागणारा वेळ वाढवितात आणि त्यास आवाज करावयास लावतात. ह्याहून अधिक कांहीं करण्याची शक्ति त्यांच्यांत नाहीं. त्या वाढलेल्या वेळांत कोणी पाहणारें नसेल आणि तो आवाज ऐकणारें कोणी नसेल, तर पांच मिनिटांचीं पंधरा मिनिटें झालीं एवढेंच. शनिवार पेठेंत तर आवाजाचीहि एक अडचण आहे. गणेशोत्सवांत ढोलताशांच्या गजरांत दार फोडलें तरी शेजाऱ्यास कळणार नाहीं. आणि विसर्जनाच्या दिवशीं अख्खी इमारत लक्ष्मी रस्त्याच्या कडेस मिरवणूक पाहत उभी असते. दिवाळींत व मे महिन्याच्या सुट्टींत मजलेच्या मजले ओस पडतात. एरवीं नवराबायको दोघेंहि नोकरीस व मुलें शाळेंत, त्यामुळें दुपारची वेळहि आतां मध्यरात्रीइतकीच जोखमीची झाली आहे.

घर रिकामें आहे हें चोरास सांगणाऱ्या खुणा घरमालकच पेरून ठेवतो. दाराच्या कडीस अडकलेल्या दुधाच्या पिशव्या, उंबऱ्याशीं साठलेलीं वर्तमानपत्रें, भर दुपारीं जळणारा व्हरांड्यांतला दिवा, दारापुढची चार दिवस न बदललेली रांगोळी. आणि अलीकडे भर पडली आहे ती प्रवासांतून नातेवाइकांस व ओळखीच्या-बिनओळखीच्या शेंकडों लोकांस पाठविलेल्या छायाचित्रांची. कुटुंब महाबळेश्वरास सुखरूप पोंचलें हें सर्वांस कळलें, म्हणजे पेठेंतलें घर मोकळें पडलें हेंहि कळलें. छायाचित्रें परत आल्यावर दाखविलीं तरी त्यांतील डोंगर कोठें जात नाहींत. दूध व वर्तमानपत्र बंद ठेवावें. शेजाऱ्यास रोज एकदां दारावरून हात फिरवून जाण्यास सांगावें. शक्य असल्यास एखाद्या नातेवाइकानें रात्रीं येऊन झोपावें. जास्तीची किल्ली शेजाऱ्यापाशीं ठेवावी. कुंडीखालीं, पायपुसण्याखालीं, मीटरच्या पेटींत किंवा बुटांच्या कपाटांत ती ठेवूं नये. चोर त्याच क्रमानें शोधतो. कॅमेरा बसविणें चांगलें, पण त्याचें काम चोरी झाल्यावर सुरू होतें. आणि तो छताशीं बसविला तर टोपीचें उत्तम चित्र मिळतें, चेहऱ्याचें मिळत नाहीं.

दुसऱ्या प्रकारचा धोका ह्याहून दारुण आहे, आणि पुण्यानें त्याचा अनुभव घेतलेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या अवधींत ह्या शहरांत दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण ह्या नांवानें तें ओळखलें जातें. मारेकरी कलाशाळेंतील तरुण विद्यार्थी होते. घरांत माणसें असतांना ते घरांत शिरले, आणि लुटीबरोबर त्यांनीं घरांतील माणसेंहि मारलीं. त्यांपैकीं चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी झाली. त्या हिवाळ्यांत दिवेलागणीनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत आणि दार वाजलें कीं घरोघर माणसें एकमेकांकडे पाहत. असा प्रसंग विरळाच येतो, आणि त्याच्या भीतीनें दार लावून बसणें हें जिणें नव्हे. पण त्यांतून एवढें घेतलें पाहिजे कीं जें दार आंतून उघडलें जातें त्यास कुलूप कितीहि भारी असलें तरी उपयोग नाहीं. म्हणून दारास पाहण्याचें भिंग असावें, आणि तें आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर असावें; सुतार तें नेहमीं स्वतःच्या उंचीवर बसवितो. साखळी असावी. गॅसचा, विजेचा किंवा बँकेचा माणूस म्हणून आलेल्यास ओळखपत्र जाळीच्या दारांतूनच दाखवावयास सांगावें. खरा माणूस त्याचा राग मानीत नाहीं. भांडीं किंवा दागिने उजळून देतों म्हणणारास मुळींच थारा देऊं नये. घरीं कामास येणाऱ्या बाईंकडे किंवा गड्याकडे चोर म्हणून पाहणें हें मात्र असभ्यपणाचें होय. त्यांचें नांव, पत्ता व छायाचित्र पोलीस चौकींत नोंदविण्याची सोय आहे, ती त्यांना सांगून, उघडपणें करावी. आणि त्यांचा पगार तुंबवूं नये.

सोन्याचा प्रश्न उरतो. कपाट कितीहि जाड पत्र्याचें असलें तरी त्याची किल्ली साड्यांच्या घडींत, देव्हाऱ्यांत अथवा धान्याच्या डब्यांत सांपडतेच. घरोघरच्या कल्पना सारख्या असतात व चोरास त्या पाठ असतात. अंगावर रोज घालावयाच्या एकदोन दागिन्यांखेरीज बाकीचें सोनें बँकेच्या लॉकरांत ठेवावें. तेथेंहि एक हिशेब माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणें किंवा बँकेच्या नोकरानें केलेली अफरातफर यांमुळें लॉकरांतील वस्तु गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकी आहे. भाडें तीन हजार रुपये असेल तर ती रक्कम तीन लाख होते; आंत किती तोळे होतें याचा त्याच्याशीं संबंध नाहीं. म्हणून मोठ्या ऐवजाचा स्वतंत्र विमा उतरवावा, आणि विम्याच्या कागदावरील बारीक अक्षर चष्मा लावून वाचावें. चोरीच्या विम्यांत बहुधा दार-खिडकी जबरीनें फोडल्याची खूण मागतात. उघड्या राहिलेल्या दारांतून गेलेल्या वस्तूंचे पैसे मागावयास गेल्यास ही अट आडवी येते.

इतकें करूनहि घर फुटलेलें आढळलें, तर पहिली गोष्ट म्हणजे आंत धांवत जाऊं नये. चोर अजून आंत असण्याचा संभव असतो. दारांतूनच ११२ क्रमांकावर फोन करावा. पोलीस येईपर्यंत कपाटाचें दार, ड्रॉवर, खिडकीची कांच यांस हात लावूं नये. गृहिणीचा पहिला ओढा विस्कटलेल्या साड्या उचलून घडी घालण्याकडे असतो, आणि त्यांत ठसे पुसून जातात. फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी, विम्यासाठीं ती लागते. त्याच दिवशीं कुलूप, निदान त्याचा किल्लीचा भाग, बदलून टाकावा. कारण दारामागच्या खिळ्यावरील जास्तीची किल्ली चोरानें नेली कीं काय हें त्या गडबडींत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गेलेला ऐवज पुढें पकडला गेला तर तो न्यायालयाच्या आज्ञेनें परत मिळतो. पण त्यापूर्वीं तो आपलाच हें दाखवावें लागतें. येथें बहुतेक घरें अडतात. चार पदरी मोहनमाळ एकीसारखी दुसरी असते. सराफाची पावती, वजन, आणि दागिना अंगावर असलेलें लग्नाकार्यांतलें छायाचित्र हीं तीन एकत्र करून घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवलेलीं असावींत. पाटल्या आजीच्या असल्या तर पावती कोठून असणार? अशा वेळीं त्यांचें वजन सोनाराकडून करून घेऊन एका वहींत लिहून ठेवावें, आणि कोणत्या पाटलीस आंतल्या बाजूनें डाग दिलेला आहे तेंहि त्यापुढें नोंदवावें.